घर पाहून द्या, आबा

सोमवार, ६ मे २०२४

सकाळी साडेसहाला निघालो तरच काम होतं. नऊनंतर लोखंडी शिडीला हात लावता येत नाही. पिशवीत नेहमीचं सामान: ओळंबा, लेव्हलची नळी, लाकडी दांड्याची हातोडी, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर, बॅटरी, टेप, होल्डरसकट चाळीस वॉटचा जुना बल्ब आणि खडू. निवृत्त झाल्यापासून हेच चाललं आहे. कोणी घर विकत घेणार असतो, कोणाच्या भिंतीला चीर पडलेली असते, कोणाला वर मजला चढवायचा असतो. "आबा, जरा घर पाहून द्या." पुण्या-मुंबईत या कामासाठी कंपन्या आहेत म्हणे. आमच्या यावलमध्ये घर पाहून देणं म्हणजे अजून शेजारधर्मच आहे.

आज एका शिक्षकांकडे गेलो. घर सहा वर्षांचं. पुढच्या खोलीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघालेली चीर तिरपी छताकडे गेलेली. सरांनी दोनदा पुट्टी भरली, रंग दिला. दोन्ही वेळा ती पुन्हा उघडली. "दिवाळीच्या सुमारास मिटते आणि उन्हाळ्यात बोटाचं टोक जाईल एवढी होते," सर म्हणाले. त्यांनी अर्धं निदान स्वतःच सांगून टाकलं.

हे दुखणं भिंतीचं नाही, जमिनीचं आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, त्याच जोत्याखालीही पडतात. फक्त त्या आपल्याला दिसत नाहीत. दुसरीकडे मुरूम लागेपर्यंत खोदा असं सांगता येतं. आपल्या पट्ट्यात तापीने आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी गाळ आणून टाकलेला. विहीर खोदणाऱ्याला विचारलं तर तो सांगतो, किती खाली गेलं तरी माती आणि रेतीच. म्हणून पाया निदान उन्हाने न वाळणाऱ्या थरापर्यंत तरी न्यावा लागतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी फुगवट्याचे पाइल रुळवले. साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडायचं आणि तळाशी त्याला खांबाच्या अडीच पट रुंद कांदा द्यायचा. वरची माती वर्षभर हलत राहिली तरी तो कांदा खाली घट्ट धरून बसतो. सरांच्या घराचा पाया चार फुटांचा आहे. त्या वेळी आतल्या फरशीवर किती खर्च केला ते त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी ऐकून घेतलं. पायाचा खर्च पाहुण्यांना दाखवता येत नाही, एवढं मात्र खरं.

घराभोवती फिरलो तेव्हा उरलेलं निदान झालं. एका कोपऱ्यात न्हाणीघराचा पाइप जोत्यालगत गळतोय, तिथली माती मे महिन्यातही ओली. समोरच्या कोपऱ्यापासून सात फुटांवर कडुनिंब, तो तिथलं सगळं पाणी ओढून घेतो. घराचा एक पाय चिखलात आणि दुसरा भेगांत. पाइप आधी दुरुस्त करा, भोवती चार-पाच फूट रुंद उताराची फरशी करा, भिंतीलगतचं गुलाबाचं आळं काढा, असं सांगितलं. चिरेवर प्लास्टरमध्ये काचेची पट्टी बसवून खाली खडूने तारीख घातली. काच तडकली तर हालचाल चालू आहे. सर म्हणाले, "म्हणजे लगेच काही नाही ना?" लगेच काही नाही. पण पाइप याच आठवड्यात, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

शुक्रवार, १० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

आज कुठे जायचं नाही असं ठरवलं होतं. घरात सांजोऱ्यांचा वास, घागर भरून झालेली, आमरस व्हायचा होता. दहा वाजता गल्लीतल्या जुन्या वाड्यातल्या काकूंनी नातवाला पाठवलं. त्यांच्या दोन्ही मुली माहेरी आलेल्या. मधल्या खोलीत कडीला झोका बांधला होता आणि झोका घेताना वरून माती पडायला लागली. "आबा, माती पडते ते चांगलं नाही असं तुमीच सांगत होते," काकू म्हणाल्या. एवढं लक्षात ठेवलं, याचाच मला आनंद झाला.

वाडा धाब्याचा आहे. सागाच्या कड्या, त्यांवर किलचन, त्यावर मातीचा थर. यावलमध्ये असे वाडे अजून बरेच आहेत. आमचे वडील दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती पसरायचे. मग मेमधल्या उन्हात आतली खोली गुहेसारखी गार राहायची आणि पावसात थेंब गळायचा नाही. मला ती घरं मनापासून आवडतात. स्लॅबच्या घरात कूलरशिवाय दुपार काढता येत नाही, धाब्याखाली निघते. पण वर्षावर्षाला खारी पडत गेली आणि जुनी कोणी खरवडली नाही. काकूंच्या वाड्यात पन्हळीजवळ थर मोजला तर फुटाला थोडा जास्त भरला. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पाच टनांच्या वर वजन, तेही कोरडं असताना. ते सगळं आठ-दहा कड्यांवर.

स्टुलावर चढून स्क्रू-ड्रायव्हरने कड्या टोचून पाहिल्या. मधे लाकूड दगडासारखं. लाकूड सडतं ते भिंतीत शिरलेल्या टोकाशी, जिथे ओल येते आणि वारा लागत नाही. झोक्याच्या कडीच्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर दोन इंच आत गेला, लोण्यात जावा तसा. वाळवीची मातीची रेघही होती. झोका उंच गेला की खाली येताना झोक्यावरच्या माणसाच्या वजनाची दुप्पट-तिप्पट ओढ कडीला लागते. मुली अंगणात उभ्या होत्या, कोणाच्याच तोंडावर हसू नव्हतं. मी झोका सोडवला आणि बाहेरच्या कडुनिंबाला बांधून दिला. त्या फांदीलाही मी स्वतः लोंबकळून पाहिलं. मग गाणी सुरू झाली.

त्या कडीखाली आज संध्याकाळीच लोखंडी पाइपाचा टेकू दिला. पावसाआधी कडी बदलायची आणि वरची जुनी माती सहा इंचांवर आणायची, असं ठरलं. दर वर्षी भर घालताना आधी खरवडून घ्यायचं, एवढं पथ्य पाळलं तर धाबं टिकतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडे भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बहुतेक अशाच छतांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. आमच्याकडे लोक म्हणतात, तो भूकंप तिकडे झाला. पण नर्मदा-तापीचा हा पट्टा भूकंपाच्या नकाशात तिसऱ्या क्षेत्रात आहे आणि १४ मार्च १९३८ ला आपल्याच सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झालेला आहे. तो फार खोलवर झाल्याने जमिनीवर फार मोडतोड झाली नाही. ही आठवण गावात कोणालाच नाही. काकूंच्या सासऱ्यांना असेल, पण ते आता नाहीत.

मंगळवार, १४ मे

काल आमच्या रावेर मतदारसंघाचं लोकसभेचं मतदान. सकाळी रांगेत उभा राहून आलो. रात्री टीव्हीवर घाटकोपर. पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक वादळात कोसळला. आज सकाळपर्यंत मृतांचा आकडा चौदा. मुंबईत चाळीस बाय चाळीसच्या वर परवानगी देत नाहीत, असं सांगताहेत.

मी तो फलक पाहिला नाही, पण वारा काय करतो ते मला माहीत आहे. तो नुसता ढकलत नाही, उचलतोही. आमच्या गल्लीत पत्र्यांवर दगड ठेवलेली सतरा घरं आहेत. आज संध्याकाळी चालत जाऊन मोजली. दगड पत्र्याला धरून ठेवत नाहीत, पत्र्याबरोबर खाली येतात. पत्रा अँगलला हुकाच्या बोल्टने आवळायचा आणि अँगलचं टोक भिंतीच्या वरच्या एका विटेत नुसतं खुपसायचं नाही, सळई घालून खाली दोन-तीन फूट बांधून घ्यायचं. खर्च फार नसतो. तिघांना सांगितलं. एकाने उद्या माणूस बोलावतो म्हटलं.

शनिवार, १८ मे

आज पारा पंचेचाळिशीच्या पुढे असावा. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

भाड्याने राहणारं तरुण जोडपं, तीन वर्षांची मुलगी. बाई म्हणाली, "कूलरले हात लागला का मुंग्या येतात, आबा. आमी चपला घालूनच पानी टाकतो." हे वाक्य मी दर उन्हाळ्यात दहा घरांत ऐकतो. लोकांनी त्याच्याशी जुळवून घेतलंय. चप्पल घालायची, कोरड्या हाताने बटण दाबायचं, पोरीला लांब ठेवायचं. मुंग्या येणं हा कूलरचा स्वभाव नाही, त्याने दिलेला इशारा आहे.

कूलर लोखंडी, खाली पाणी, पाण्यात पंप, फरशी ओली. प्लग उघडला तर तीन पिनांच्या प्लगला दोनच वायरी. बोर्ड उघडला तर अर्थिंगचं भोक वायरीच्या तुकड्याने न्यूट्रलला जोडलेलं. टेस्टर लावला की सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणून वायरमन लोक असं करतात. पण कुठे न्यूट्रल तुटलं, तर पूर्ण करंट त्याच तुकड्यातून फ्रिजच्या, मिक्सरच्या अंगावर येतो. मग चपलेचा काय उपयोग?

सगळी उपकरणं काढून ठेवली, आणि बोर्डापर्यंत आलेली अर्थिंगची जुनी हिरवी वायर शोधली. फेज आणि त्या वायरीच्या मधे बल्ब लावून पाहिला. चांगल्या अर्थिंगवर तो पूर्ण पेटतो. इथे तार लाल झाली न झाली इतकाच. मागच्या बोळात अर्थिंगचा खड्डा सापडला, झाकणावर वाळलेला पाला. घर बांधताना कोळसा-मीठ घातलं असणार. पण मेमध्ये आमची काळी माती भेगाळली की ती पाइपापासून सुटते, आणि कोरड्या मातीतून करंट जात नाही. म्हणजे कूलर दिवसरात्र चालतो त्याच महिन्यात अर्थिंग मेलेलं असतं. मला हे लक्षात यायला नोकरीतली वीस वर्षं लागली. दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासाने बल्ब बराच उजळला. खड्ड्यात होळीपासून मृगापर्यंत दर आठवड्याला पाणी घाला, हे मी आता प्रत्येक घरी सांगतो.

त्यांना वाटत होतं, एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित. एमसीबी वायरीला जपते. सोळा अँपिअरची एमसीबी माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटला पडणारच नाही, कारण माणूस त्याच्या कितीतरी कमी करंटने मरतो. माणसासाठी आरसीसीबी लागते, तीस मिलिअँपिअरची. बाहेर गेलेला करंट परत आला नाही की डोळ्याची पापणी लवायच्या आत पडते. दोन-अडीच हजारांत बसते. भाड्याच्या घरात ती कोणी बसवायची, यावर घरमालकाशी फोनवर बोललो. ते आधी टाळत होते. मी म्हटलं, तुमची नात त्या फरशीवर अनवाणी चालतेय असं समजा. जरा वेळ थांबून म्हणाले, "पाठवा वायरमनला."

मंगळवार, २१ मे

फैजपूरकडच्या रस्त्याला एका ओळखीच्यांचा स्लॅब टाकायचा होता, मुहूर्त सकाळी अकराचा. अकराला! मी आठला पोचलो. सेंट्रिंग बरं होतं, टेकू सरळ, खाली फळ्या. वर चढलो आणि गॅलरीशी थांबलो.

गॅलरी भिंतीबाहेर साडेचार फूट. अशा लोंबत्या भागाची मुख्य सळई वरच्या अंगाला हवी, कारण तिथे काँक्रीट वरून ताणलं जातं. मिस्तरीने ती वरच बांधली होती, पण तिला उचलून धरणाऱ्या चाब्या दोनच. लोकांनी त्यावरून ये-जा केली आणि जाळी दबून तळाला टेकली. असाच स्लॅब टाकला असता तर वरून कोणालाच काही कळलं नसतं. फरशी, जाळी, कुंड्या, सगळं झालं असतं. आणि एखाद्या लग्नात वरात पाहायला वीस बायका-पोरं त्या गॅलरीत उभी राहिली असती.

मिस्तरी वयाने माझ्याएवढा, हाताला चांगला. त्याला बाजूला नेऊन बोललो, मालकासमोर नाही. त्याने पोरांना लावून सळया उचलल्या, दोन-दोन फुटांवर चाब्या घातल्या, खाली कव्हरचे ठोकळे ठेवले आणि चालायला फळ्या टाकल्या. मालकाला मुहूर्ताची काळजी. मी म्हटलं, मुहूर्तावर एक पाटी टाका, नारळ फोडा, बाकी संध्याकाळी पाचनंतर. ऐकलं त्यांनी. पाचला सुरू झालं, रात्री दिवे लावून संपवलं. माल ओतायला सोपा जावा म्हणून मिक्सरवाला पाणी वाढवत होता, तिथे मी उभाच राहिलो. गोणीला पंचवीस लिटरच्या आसपास, त्यावर नाही. जास्तीचं पाणी उन्हात उडून जातं आणि काँक्रीटमध्ये भोकं ठेवून जातं.

आता तराई. उद्या सकाळी मातीची आळी बांधून पाणी भरायचं. आपल्याकडे तीन दिवस पाणी मारतात आणि चौथ्या दिवशी टँकर परवडत नाही. कोरड्या कडक उन्हात निदान दहा दिवस आणि पोझोलाना सिमेंट असेल तर चौदा दिवस ओल राहिली पाहिजे. इथे पोझोलानाच आहे. मालकीणबाईंनी कॅलेंडरवर चौदा दिवसांना गोल केले. माझा भरवसा त्यांच्यावर जास्त आहे.

गुरुवार, २३ मे, बुद्धपौर्णिमा

रात्री गच्चीवर झोपलो. चांदणं इतकं की आजूबाजूच्या गच्च्यांवरची अंथरुणं मोजता येत होती. या दिवसांत सगळं यावल वर झोपतं. आणि अर्ध्या गच्च्यांना कठडाच नाही. पलीकडच्या घरी एक वीट उंचीचा, त्याच्या कडेला दोन पोरं. "वर मजला चढवायचा आहे, मग कठडा करू," असं म्हणून दहा-दहा वर्षं गेलेली. चारी कोपऱ्यांत कॉलमच्या उघड्या सळया गंजताहेत. तो मजला जेव्हा चढेल तेव्हा याच सळयांवर चढेल. कठडा निदान मीटरभर हवा. तोवर कडेला दोरी-बांबू तरी.

समोरच्या घराने गच्ची वाढवून अकरा केव्हीच्या तारेजवळ नेली आहे. तार आधीची, गच्ची नंतरची. बाजूने १.२ मीटर आणि वरून ३.७ मीटर अंतर लागतं. इथे हात लांब केला तर... पुढे लिहवत नाही. सकाळी जाऊन त्या बाजूचा जिना बंद करायला लावला आणि तार हलवण्याच्या अर्जाचा मसुदा लिहून दिला.

सोमवार, २७ मे

काल संध्याकाळी वादळ आलं. आधी धूळ, मग वारा, अंधार. आमच्या गल्लीतल्या दोन घरांचे पत्रे गेले. ज्याने माणूस बोलावून बोल्ट लावले, त्याचे राहिले. शिवारात केळी आडवी झाली.

आज सकाळी कळलं, सातपुड्यात आपल्याच तालुक्यात, आंबापाणीकडच्या थोरपाणी पाड्यावर एक घर कोसळलं. आई, वडील, दोन लेकरं. चार माणसं. एक मुलगा वाचला.

आज कुठे गेलो नाही.

गुरुवार, ३० मे

तीन दिवस एकच गोष्ट डोक्यात आहे, ती लिहून ठेवतो.

नोकरीत शेवटच्या काही वर्षांत मी घरकुलांच्या पाहणीला जात असे. सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार, टप्प्याटप्प्याने. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, छत झालं की फोटो. मी जोत्याची उंची मोजली, विटा पाहिल्या, लाभार्थीला पुढे उभं करून फोटो काढला. पाठीमागे दहा पावलांवर त्यांचं राहतं घर असायचं, कुडाचं, खांब कललेला. त्यात मी पाणी प्यायलो आहे. पुढचा हप्ता येईपर्यंत एक पावसाळा, कधी दोन पावसाळे ते कुटुंब त्यातच झोपायचं. त्या घराकडे पाहणं माझ्या कागदावर नव्हतं, आणि मीही वर मान करून कधी त्याच्या आढ्याकडे पाहिलं नाही. कोणी मला अडवलं नव्हतं. हातोडी पिशवीतच होती.

जो घर विकत घेतो, त्याच्याकडे मला दाखवायला घर असतं. ज्याचं घर सर्वांत आधी पडेल, तो मला बोलावत नाही. त्याच्या मनात येत नाही की घर पाहून देणारं कोणी असतं.

मंगळवार, ४ जून

निवडणूक निकालाचा दिवस, गावात फटाके. मी आमच्या वायरमन पोराला आणि एका सुताराला घेऊन सकाळीच मोटारसायकलींवर डोंगराकडे निघालो. कोणत्या पाड्यावर ते लिहीत नाही. तिथल्या एका शिक्षकाने आधी बोलून ठेवलं होतं. सोबत डांबराचा डबा, बांधायची जाड तार, लोखंडी पट्ट्या.

पावरा आदिवासी कुटुंबांची घरं खांबांवर उभी असतात. छताचं सगळं ओझं खांबांवर. कुडाच्या भिंती काठ्यांच्या, मातीने लिंपलेल्या, आडोशापुरत्या. बांधणी हुशारीची आहे. भिंत गेली तरी छत राहतं. पण खांब जमिनीत पुरलेला, आणि जमीन जिथे संपते त्याच बोटभर जागेत तो सडतो. खाली हवा नाही म्हणून टिकतो, वर कोरडा म्हणून टिकतो. मधे ओल-सुक आणि वाळवी. वरून लिंपण केलेलं, त्यामुळे दिसत नाही. पहिल्याच घरात मातीचं लिंपण जरा खरवडून टोचलं, तर मनगटाएवढ्या जाड खांबात अंगठ्याएवढं लाकूड उरलेलं. त्यावर कौलं, त्यावर या वर्षी नवीन पत्रा, पत्र्यावर दगड.

घरातली म्हातारी माझ्याकडे पाहत होती. शिक्षकाने तिच्या भाषेत सांगितलं. ती काहीतरी म्हणाली. शिक्षक म्हणाला, "ती म्हणते, वरून तर नवीन दिसतो."

संध्याकाळपर्यंत नऊ घरं झाली. सडलेल्या खांबाशेजारी नवा खांब, त्याच्या बुडाला डांबर, खाली सपाट दगडाचा तळखडा, जमिनीच्या वर. वासे आडव्याला तारेने आवळले. पत्र्यावरचे दगड उतरवले आणि पट्ट्या मारल्या. भिंतीलगत साचलेली माती ओढून चर काढले. लाकूड पाड्यातल्या लोकांनीच आणलं, हात त्यांचेच. आम्ही फक्त दाखवत होतो, कुठे टोचून पाहायचं ते. चौथ्या घरानंतर पोरंच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पुढे पळत होती.

शुक्रवार, ७ जून, मृग

सरांचा फोन. पाइप दुरुस्त झाला, काच अजून शाबूत आहे. भाड्याच्या घरात आरसीसीबी बसली. बाईने सांगितलं, परवा पंप खराब झाला तेव्हा ती "टक्कन" पडली. पोरगी कूलरपाशीच उभी होती. काकूंच्या वाड्यातल्या नव्या कडीला सुताराने गुलाल लावला. गॅलरीच्या मालकीणबाईंच्या कॅलेंडरवरचे चौदा गोल संपले.

एका स्वयंपाकघरात गॅसची नळी अकरा वर्षांची निघाली, तडकलेली. पाच वर्षांत बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. सिलिंडर बंद कपाटात. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. कपाटाला तळाशी झरोका हवा. सुताराने आजच्या आज जाळी बसवली.

मंगळवार, ११ जून

पाड्यावर पुन्हा गेलो, उरलेल्या अकरा घरांसाठी. वर ढग, वारा पडलेला, मातीचा वास. सात झाली आणि पाऊस आला. आठव्या घरात मागच्या कुडाचा आडवा वासा सुटलेला होता, आज बांधता येणार नव्हता, अंधार पडायला लागला. त्याच कुडाला लागून खाट, खाटेवर दोन लहान पोरं आणि एक बाळ. मी खडूने त्या कोपऱ्यात रेघ मारली आणि शिक्षकाला म्हटलं, उद्या वासा बांधेपर्यंत रेघेपलीकडे कोणी झोपायचं नाही. त्याने सांगितलं. पोरांच्या बापाने एकदा वर पाहिलं, एकदा रेघेकडे. मग त्याने आणि त्याच्या बायकोने खाट दोन बाजूंनी उचलली आणि दाराजवळच्या नव्या खांबापाशी आणून ठेवली. बाळ जागं झालं नाही.